पन्नास हर्ट्झची आजी, साठ हर्ट्झची नात

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते. मुलांना मराठी शाळेत सोडून बाहेर गाडीत बसलेल्या आई-बाबांना पुरेल एवढी.

विषय आहे तो खोका. तुमच्या बेसमेंटमध्ये, गराजमध्ये, नाहीतर पुण्या-ठाण्याच्या घरी माळ्यावर पडलेला. त्यात जाडजूड पुस्तकाएवढ्या काळ्या कॅसेटी आहेत, काही अगदी बारक्या, तळहातावर मावणाऱ्या. एकीवर लिहिलंय 'ताईचं लग्न भाग २' (भाग १ कुणाकडे गेला देव जाणे), दुसरीवर 'गणपती ८९ + मॅच', तिसरीचं लेबलच गळून पडलंय. हे सगळं एकदा कॉम्प्युटरवर घ्यायचंय, असं तुम्ही किमान दहा वर्षं म्हणताय. मी गेल्या हिवाळ्यात माहेरच्या आणि सासरच्या मिळून एकतीस कॅसेटी बसून पार पाडल्या, म्हणून हे लिहितेय.

मी इतिहासाची माणूस नाही, हिशेबाची आहे. पुण्यात सी.ए. झाले, आता इथे न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स भरते. पण आमच्या धंद्यात कुठलीही वस्तू वहीत धरायची तर आधी तीन प्रश्न विचारतात. ही आली कुठून? कधी आली? आणि आज तिच्यात किती उरलंय? तेच प्रश्न मी त्या खोक्याला विचारले, आणि उत्तरं शोधता शोधता निम्मा हिवाळा गेला.

सुरुवात होते अमेरिकेत, आणि कारण ऐकून तुम्हाला हसू येईल: वेळेचा फरक. न्यूयॉर्कला संध्याकाळच्या बातम्या लागतात तेव्हा लॉस एंजेलिसला भर दुपार असते. तोच कार्यक्रम तीन तासांनी पश्चिमेला दाखवायचा तर टीव्हीच्या पडद्याचंच फिल्मवर शूटिंग करायचं, ती फिल्म धावतपळत धुवायची आणि ओलीसुकी असतानाच चालवायची, असा खटाटोप असे. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीने चित्र चुंबकीय फितीवर उतरवणारं यंत्र आणलं. दोन इंच रुंद फीत आणि कपाटाएवढं यंत्र. ३० नोव्हेंबर १९५६ ला सीबीएसने न्यूयॉर्कहून आलेल्या बातम्या हॉलीवूडमध्ये टेपवर घेतल्या आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्याला दाखवल्या. म्हणजे व्हिडिओ टेपचा जन्मच मुळी 'तिकडे आत्ता किती वाजले असतील' या प्रश्नातून झाला. आपण ज्या प्रश्नाने रोज फोन उचलतो, त्याच.

या टेपचा दुसरा मोठा गुण म्हणजे ती पुसून पुन्हा वापरता येई. फिल्मचं तसं नाही, ती एकदा वापरली की संपली. टेप महाग होती, तेव्हा जुनं पुसा आणि नवं भरा. हाच गुण पुढे अंगाशी आला. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्याच कार्यक्रमांच्या टेपा पुसल्या, त्यात 'डॉक्टर हू' या लाडक्या मालिकेचे कितीतरी भाग गेले. त्या भागांचा निदान आवाज आज ऐकायला मिळतो, कारण काही प्रेक्षक घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायचे. बीबीसीला नावं ठेवण्याआधी 'गणपती ८९ + मॅच' मधलं ते '+' आठवा. घरातल्या कुणालातरी त्या रविवारी कोरी कॅसेट मिळाली नाही, आणि आरतीचा उरलेला अर्धा तास शारजाच्या मॅचखाली गेला. असं '+' प्रत्येक घरात आहे.

घरगुती व्हीसीआर आला तो १९७५ ते ७६ मध्ये. सोनीने १९७५ ला बीटामॅक्स काढला, जेव्हीसीने १९७६ ला व्हीएचएस. सुरुवातीच्या बीटामॅक्स कॅसेटीवर एक तास मावे, व्हीएचएसवर दोन. सिनेमा दोन तासांचा असतो, बाकीचं तुमच्या लक्षात आलंच असेल. हॉलीवूडच्या कंपन्यांनी सोनीवर खटला भरला, की लोक घरी टीव्ही टेप करतात ही चोरी आहे. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की नंतर बघण्यासाठी घरी टेप करून ठेवणं हा गुन्हा नाही. गंमत म्हणजे त्याच १९८४ मध्ये भारत सरकारने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्म हा शब्द त्यात घातला, कारण आपल्याकडे तेव्हा गल्लोगल्ली नव्या सिनेमांच्या चोरट्या कॅसेटी भाड्याने मिळत होत्या. तिकडे घरी टेप करायची मोकळीक मिळाली, इकडे व्हिडिओ लायब्ररीवाल्यावर धाड. एकाच यंत्राची दोन देशांतली ही दोन रूपं.

आपल्याकडे टीव्हीच उशिरा आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंग आले १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. व्हीसीआर मात्र दुकानात जाऊन सहज घ्यायची वस्तू नव्हती. तो यायचा कुणाच्या तरी सामानातून. दुबईहून, मस्कतहून, सिंगापूरहून. विमानतळावर कस्टमवाल्याने किती ड्यूटी लावली, याच्या कहाण्या यंत्रापेक्षा जास्त वर्षं टिकल्या. ज्यांच्याकडे असं कुणी नव्हतं ते एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत. सोसायटीत वर्गणी, तीन सिनेमे, दुसऱ्यात मुलं झोपलेली, तिसऱ्यात मोठीही. चित्र हललं की कुणीतरी जाणकार उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा. हेड खराब झालं की ते करकरीत नोटेने पुसणारे महाभागही मी पाहिलेत. (करू नका. आता तर मुळीच नको.)

मग त्याच यंत्रांच्या मागोमाग कॅमेरे आले आणि लग्नात 'व्हिडिओ शूटिंग' सुरू झालं. खांद्यावर जड कॅमेरा घेतलेला एक माणूस, त्याच्यामागे डोळे दिपवणारा हॅलोजन धरलेला पोरगा, आणि त्याच्यामागे वायर सांभाळणारा तिसरा. त्या काळच्या कॅसेटी बघताना एक गोष्ट लक्षात येईल. तरुण मंडळी कॅमेऱ्याकडे बघून हसतात, लाजतात, तोंड फिरवतात. म्हातारी माणसं स्तब्ध उभी राहतात. पदर नीट करून, टोपी सावरून, श्वास रोखून. त्यांच्या आयुष्यात कॅमेरा म्हणजे फोटो, आणि फोटोत हलायचं नसतं. आमच्या सासरच्या कणकवलीकडच्या एका कॅसेटीत आजेसासूबाई अशा जवळजवळ मिनिटभर तुळशीजवळ उभ्या आहेत. शेवटी न राहवून विचारतात, "काढलंस काय रे? किती येळ असा उभा रवाचा?" त्या गेल्या तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही शिल्लक आहे ते एवढं एकच वाक्य. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने ते पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, "पणजी 'वेळ'ला 'येळ' का म्हणते?" मालवणी ही आपल्या घराची भाषा आहे, हे तिला मी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. पण सांगणं वेगळं आणि पणजीने कॅमेऱ्यावर वैतागणं वेगळं.

आता आपल्या, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांच्या कॅसेटींकडे येते. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा १९६५ मध्ये बदलला, त्यानंतर डॉक्टर, इंजिनियर मंडळी इकडे येऊ लागली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखातात कामं निघाली. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांतली माणसं तिकडे गेली. ट्रंककॉल महाग, पत्राला पंधरा-पंधरा दिवस. फिलिप्सची छोटी ऑडिओ कॅसेट १९६३ पासून बाजारात होती, ती आखातातल्या लोकांनी पत्रासारखी वापरली. अर्धी बाजू इकडून बोलायची, सुट्टीवर निघालेल्याच्या हाती पाठवायची, उरलेल्या बाजूवर घरचे बोलणार. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना हे पत्र स्वतःचं स्वतः ऐकता येई, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची नामुष्की नाही. तुमच्या खोक्यात अशा ऑडिओ कॅसेटी असल्या तर त्या गाण्यांच्या म्हणून टाकून देऊ नका. वर लता मंगेशकरांचं लेबल असलं तरी.

मग १९८५ मध्ये सोनीने आठ मिलिमीटरच्या फितीवर चालणारा छोटा हँडीकॅम आणला, आणि पत्राची व्हिडिओ कॅसेट झाली. बाळाचं बारसं, पहिला बर्फ, नवं घर खोलीखोलीने दाखवणारे बाबा, फ्रीज उघडून दाखवणारी आई. छोट्या कॅसेटीवरून व्हीएचएसवर प्रत काढायची आणि भारतात पाठवायची. साताऱ्याच्या आजीने शेजाऱ्यांना बोलावून, चहा टाकून, भाड्याच्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट घालायची. आणि पडद्यावर यायच्या नुसत्या वर सरकत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या.

कॅसेट खराब नव्हती. दोष होता विजेचा. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा लहरते, म्हणजे ६० हर्ट्झ. भारत, इंग्लंड, दुबई, मस्कत, इस्रायल इथे ५० हर्ट्झ. टीव्ही नवा होता तेव्हा विजेच्या लहरीची सावली पडद्यावर सरकू नये म्हणून इंजिनियरांनी चित्रांचा वेग त्या-त्या देशाच्या विजेशी जुळवला. अमेरिकेने ५२५ रेघांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची एनटीएससी पद्धत धरली. १९५३ मध्ये तिच्यात रंग आले. ते रंग इतके लहरी, की इंजिनियर स्वतःच म्हणायचे, या पद्धतीत एकच रंग दोनदा सारखा दिसत नाही. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी तो दोष काढून पाल नावाची पद्धत काढली. ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. ती १९६७ पासून जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये सुरू झाली, भारताने आणि आखातातल्या बहुतेक देशांनीही तीच घेतली. (फ्रान्सने अर्थातच तिसरी.) कॅसेटचा डबा सगळीकडे सारखा, फीत सारखी, आतली लिपी वेगळी.

म्हणून साठ हर्ट्झच्या नातीला पन्नास हर्ट्झची आजी बघू शकत नव्हती. मग लोक शोधत निघाले ते 'मल्टिसिस्टम' व्हीसीआर. दुबईत तो राजरोस मिळायचा. इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर साड्या आणि पापड यांच्या शेजारी २२० व्होल्टच्या वस्तू विकणारी दुकानं होती, ती याच गरजेवर चालत. मिक्सर, इस्त्री आणि दोन्ही लिप्या वाचणारा व्हीसीआर. भारतात न्यायच्या बॅगेत हे तिन्ही असायचे.

हा भाग इतका लांबवला कारण आजही त्यावरच गाडी अडते. इथल्या एका दुकानात मी पहिल्या सहा कॅसेटी दिल्या होत्या. चार परत आल्या, वर चिठ्ठी: 'ब्लँक'. त्या कोऱ्या नव्हत्या, पालच्या होत्या. त्यांच्या यंत्राला वाचता आल्या नाहीत एवढंच. कुणी अशी चिठ्ठी दिली म्हणून कॅसेट फेकणारे लोक असतील, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. ओळखायची एक खूण सांगते. व्हीएचएस कॅसेटीवर 'ई-१८०' असं काही असेल तर ती पालच्या देशात विकलेली, 'टी-१२०' असेल तर एनटीएससीच्या. छोट्या आठ मिलिमीटरवाल्यांवर 'पी-५' असेल तर ५० हर्ट्झ, 'पी-६' असेल तर ६०. ही खूण कोरी कॅसेट कुठे विकली गेली त्याची. भरली कुठे, ते वेगळं असू शकतं. पण दुकानदाराला "तुमच्याकडे पाल चालतं का?" एवढं विचारल्याशिवाय कॅसेट हातातून सोडू नका.

आता थोडं मागे जाते, टेपच्याही आधी, कारण आपल्या खोक्याचा एक पूर्वज आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईचे फोटोग्राफर. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंच्या फिल्म दाखवल्या, तेव्हा हे तिथे होते. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचं चित्रण केलं. पण मला भावतं ते त्यांचं डिसेंबर १९०१ चं काम. केंब्रिजला १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे शिकून मुंबईला परत आले, त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. भारतातला पहिला वार्तापट म्हणून त्याचं नाव घेतात. मला तर ते ओळखीचंच वाटतं. परदेशी शिकायला गेलेला मुलगा घरी येतोय, हार घेऊन माणसं उभी आहेत, आणि कुणीतरी कॅमेरा लावलाय. सहार विमानतळाबाहेर आपल्या काकांनी जे केलं तेच. (जाता जाता: सई परांजपे या त्याच रँग्लरांची नात. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर असताना त्यांचं काही बालपण तिकडे गेलं. म्हणजे आपल्याच मुलांसारखं, दोन देशांतलं.)

ती फिल्म आज बघायला मिळत नाही. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तरी कुठे पूर्ण आहे? जे तुकडे उरले ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसामुळे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि नायर गावोगाव फिरून, जुन्या कुटुंबांची दारं वाजवून रिळं गोळा करत राहिले. फाळके कुटुंबाच्या घरीही ते गेले. 'आलम आरा' तर कुणालाच मिळाला नाही, आणि तो एवढा गाजलेला सिनेमा होता. तुमच्या ताईच्या लग्नाची एकच प्रत आहे, आणि तिच्यासाठी दार वाजवायला कुठलाही नायर येणार नाही.

तिसरा प्रश्न: आज किती उरलंय? आमच्या भाषेत घसारा. कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची बारीक पूड एका डिंकासारख्या थराने चिकटवलेली. व्हीएचएसमध्ये ती अर्धा इंच रुंद असते. पालच्या यंत्रात फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते, पण तिच्या अंगाला घासत एक गोल डोकं सेकंदाला २५ फेऱ्या मारतं आणि तिरप्या रेघा ओढतं. एवढ्या नाजूक कारभारावर ताईचं लग्न उभं आहे. तो डिंक हवेतला ओलावा पितो. मुंबईच्या, कोकणातल्या माळ्यावर पंचवीस-तीस पावसाळे काढलेल्या फितीचा डिंक सैल होतो, पूड सुटते, बुरशी धरते. नीट ठेवलेली टेप मात्र अजून चांगली वाजते. माझी १९८७ ची एक सुंदर निघाली, १९९९ ची एक पार गेली होती. घसारा काही सगळ्यांना एकाच दराने लागत नाही.

खरा घसारा यंत्राला लागलाय. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी. २०१५ मध्ये तिने साडेसात लाख यंत्रं विकली आणि जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं, सुटे भाग मिळेनात म्हणून. त्याच वर्षी सोनीने बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेटी विकणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने 'डेडलाइन २०२५' म्हणून इशाराच दिला होता, की त्या सालापर्यंत जे डिजिटल झालं नाही त्यातलं बरंचसं कायमचं जाईल. २०२५ ला टेपांची काही राख झाली नाही. पण यंत्र दुरुस्त करणारा माणूस शोधून बघा. आमच्या भागात मला एक मिळाला, वय वर्षं ७९.

तर करायचं काय? घरी करणार असाल तर चालू स्थितीतला मल्टिसिस्टम व्हीसीआर, त्याचं चित्र कॉम्प्युटरला समजेल असं करणारी यूएसबीची डबी, आणि संयम. स्वस्तातल्या डब्या जुन्या टेपच्या डळमळत्या चित्रावर गडबडतात, ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे व्हायला लागतात, म्हणून मधूनमधून तपासा. तीन तासांची कॅसेट तीनच तासांत उतरते, त्यात शॉर्टकट नाही. थंड गराजमधून आणलेली कॅसेट निदान एक दिवस खोलीत राहू दे. यंत्रात घालण्याआधी पाठीवरच्या कोपऱ्यातली ती छोटी प्लॅस्टिकची चकती मोडा, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर मात्र ती घालूच नका. बुरशी यंत्रात शिरते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. अशा कॅसेटी, आणि ज्यात गेलेल्या माणसाचा एकमेव आवाज आहे त्या, अनुभवी माणसाकडेच द्या.

दुकानात देणार असाल तर एक गोष्ट लेखी घ्या: निळा किंवा कोरा पडदा आला तरी शेवटपर्यंत चालवायचं. पुष्कळ ठिकाणी दोन-चार मिनिटं काही दिसलं नाही की यंत्र आपोआप थांबतं. आणि घरगुती कॅसेटीत खजिना असतो तो नेमका त्याच्या पुढे. मॅच संपते, मुंग्या येतात, आणि अचानक आरतीचा उरलेला तुकडा, ज्याच्यापर्यंत मॅच पोचलीच नाही.

लग्नाच्या कॅसेटींचं एक वेगळंच दुःख आहे. शूटिंगवाल्याने 'मिक्सिंग' करताना फुलांच्या पाकळ्यांतून नवरीचा चेहरा काढला ते ठीक, पण मंगलाष्टकांवर, कन्यादानावर सिनेमाची गाणी घातली. मामाने म्हटलेलं मंगलाष्टक गेलं, उरला त्याचा हलणारा चेहरा. इथे एक क्वचित लागणारी लॉटरी आहे. व्हीएचएसवर आवाज दोन जागी असू शकतो: कडेच्या साध्या पट्टीवर, आणि काही यंत्रांत चित्राबरोबरच खोल भरलेला हाय-फाय आवाज. नंतर गाणं घालताना फक्त कडेची पट्टी पुसली जाते. म्हणून व्हीसीआरच्या रिमोटवर आवाजाचा 'हाय-फाय' आणि 'नॉर्मल' असा पर्याय असेल तर दोन्ही ऐकून बघा. एकतीस कॅसेटींत मला एकदाच लागली. पण ते एकदा, काय सांगू.

आणखी एक. "आम्ही २००५ लाच सगळं डीव्हीडीवर घेतलंय" म्हणून निवांत बसलेल्यांनो, तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडीचं तोंड आहे का? घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगही उडतो. आमच्या खतावणीत पान संपलं की शिल्लक पुढच्या पानावर ओढावी लागते, मागच्या पानावर राहिलेली रक्कम कुणी मोजत नाही. रिळावरून टेप, टेपवरून डीव्हीडी, त्यावरून हार्ड डिस्क. पाच-सात वर्षांनी पुन्हा ओढायची. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या देशात. मूळ कॅसेटी फेकू नका. आणि महाराष्ट्र मंडळाच्या जुन्या कमिटीवर कुणी असाल तर तुमच्या गराजात पहिल्या गणेशोत्सवाची, मुलांच्या पहिल्या नाटकाची टेप आहे का बघा. ती तुमच्या एकट्याची नाही.

फाइल झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. मी एक साधी नोंदवही केली: कॅसेट क्रमांक, साल, गाव, पद्धत, कितव्या मिनिटाला कोण. हे शेवटचं मी एकटी भरूच शकत नाही, म्हणून दर रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर एकेक चित्र थांबवून दाखवते आणि ती सांगते. "ही तुझ्या आत्याची नणंद. हा बँडवाला. ही निळ्या साडीतली कोण गं... थांब, आठवेल." हिशेबात ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो, तसं न ओळखलेल्या चेहऱ्यांचं मी एक खातं उघडलंय. सुरुवातीला त्यात तेवीस जण होते. आईने सोळा सोडवले. दोन तिच्या मावसबहिणीने फोनवर सोडवले, नुसत्या वर्णनावरून.

पाच अजून सस्पेन्समध्ये आहेत. आई या महिन्यात ७६ ची होईल.